बिघडलं तिथंच नाव

उस्तादाचं नाव मी इथं लिहिणार नाही. ज्याला ते पाहिजेच असेल त्यानं अकोल्यात फिरावं, जुन्या दुकानांवरचे बिघडलेले बोर्ड शोधावेत आणि उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात पाहावं. तांबड्या रंगात लिहिलेलं सापडेल. चांगल्या बोर्डांखाली शोधू नये. तिथं काही नाही.

दुनियेतला पेंटर काम चांगलं झालं की खाली नाव टाकतो. आमचा उस्ताद काम बिघडलं की नाव टाकायचा. आणि काम जमलं की तांबड्या डब्याचं झाकण लावून घरी जायचा. काही लोक म्हणतात ही दंतकथा आहे. त्यांनी माझ्याशी वाद घालू नये. बोर्डाच्या मागच्या लाकडी चौकटी मी केलेल्या आहेत. मी तिथं होतो, ते नव्हते.

मी सुतार. चौथीत गुरुजींनी विनाकारण मारलं म्हणून पाटी वर्गातच ठेवून घरी आलो, ती अजून आणायला गेलेलो नाही. उस्ताद माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा. त्यानं मला जन्मभर मिस्तरी म्हटलं, मी त्याला उस्ताद म्हटलं. दोघांनाही एकमेकांची नावं माहीत होती, पण कधी लागली नाहीत.

एकदा चहा पिताना मी विचारलंच, "उस्ताद, हे उलटं काहून? लोकं चांगल्या कामाखाली नाव लिवतात."

तो म्हणाला, "मिस्तरी, घरी भाजी खारट झाली तं तुमी काय म्हणता?"

"कोणं केली, म्हणतो."

"अन् चांगली झाली तं?"

"खातो."

"मंग?" असं म्हणून त्यानं बशीतला चहा ओढला आणि विषय संपवला.

मला ते तेव्हाच पटलं. मी एवढे दरवाजे केले, एकावरही नाव टाकलं नाही. पण दरवाजा लोंबला की माणूस बरोबर माझ्या घरी येतो. तिथं नावाची गरज पडत नाही. पेंटरचं तसं नाही. बोर्ड वाकडा असला तर शिव्या कोणाला द्यायच्या, हे कळायला काही सोय पाहिजे. उस्तादानं ती सोय केली होती.

रंगकाम तो पांढऱ्या कपड्यांत करायचा. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, दोन्हींना इस्त्री. बाकीचे पेंटर रंगानं माखलेले हिंडायचे आणि उस्ताद निकाहाला निघाल्यासारखा शिडीवर. "मैले कपडे घातले की हात सुटते मिस्तरी. पांढऱ्या कपड्यात हात भीत राह्यते." सदऱ्यावर ठिपका पडला की त्या दिवसाचं काम बंद. गिऱ्हाईक बोंबलत राहायचं.

रंगांची नावंही त्याची स्वतःची. डब्यावर काय छापलंय त्याच्याशी त्याला घेणंदेणं नव्हतं. पिवळे दोन: एक तुरीच्या फुलाचा, एक सरकीच्या ढेपेचा. भुरा म्हणजे वाळल्या पऱ्हाटीचा, कपाशीच्या झाडाचा. हिरवा म्हणजे हरभऱ्याच्या घाट्याचा. दुकानात जाऊन तो "घाट्याचा द्या" म्हणायचा, दुकानदार भलताच डबा द्यायचा, मग उस्ताद त्याला म्हणायचा, "तू कधी वावर पाह्यलं हाय का बे?" तेच दुकान, तेच भांडण, दर महिन्याला.

आणि कौतुक तर त्याला अजिबात सहन होत नसे. रस्त्यानं जाताना कोणी "वा उस्ताद!" म्हटलं की तो शिडीवरून उतरायचा, मागं सरून डोळे बारीक करायचा आणि काळजीनं विचारायचा, "काहून, कुठी बिघडलं?"

जठारपेठेतल्या एका कापडवाल्या शेठजीचा किस्सा आमच्या पिढीला पाठ आहे. दुकान नवीन, बोर्ड मोठा. उस्तादानं तो रंगवला, मी चौकट ठोकली, वर चढवला. शेठजी खुश होऊन पेढे वाटायला लागले. तेवढ्यात उस्ताद शिडीवर गेला आणि कोपऱ्यात तांबडं नाव लिहून खाली आला. खाली उभे असलेले लोक हसायला लागले, कारण तोवर उस्तादाची रीत गावाला माहीत झाली होती.

शेठजी म्हणाले, "उस्ताद, नाव पुसा. लोकं हासून राह्यले."

"लोकं नावाले नाई हासत शेठजी. मधलं एक अक्षर पुढं झुकलं, त्याले हासतात."

"ते तं कोणाले दिसलंच नव्हतं!"

"म्हणून तं नाव टाकलं."

शेठजींनी नवा बोर्ड मागितला. उस्ताद म्हणाला, नवा करतो, पण तोही झुकला तर त्यावरही नाव येईल. शेठजी घाबरले आणि तोच ठेवला. त्या बोर्डाचे उस्तादानं फक्त रंगाचे पैसे घेतले. माझ्या चौकटीचे मात्र मी पूर्ण घेतले. चौकट कुठं झुकली नव्हती.

तर असा माणूस. पण त्याचं खरं काम अकोल्यात नव्हतंच, ते बार्शीटाकळीकडच्या एका गावात होतं. तिथलं मंडळ गणपतीत नाटक करायचं. त्यांना तीन पडदे हवे होते: महाल, रस्ता आणि जंगल. उन्हाळ्याच्या तोंडाशी, बंद पडलेल्या एका जिनिंगच्या शेडमध्ये आम्ही मांजरपाट शिवून ताणला, सरस आणि खडूची पूड लावून वाळवला. वरखालचे लाकडी दांडे माझे.

महाल झाला. उस्तादानं पाहिला, म्हणाला, "डावा खांब गरोदर हाय," आणि नाव टाकलं. रस्ता झाला. बराच वेळ पाहून म्हणाला, "हा रस्ता कुठी जाते ते मलेच समजून नाई राह्यलं," आणि नाव टाकलं. मंडळाचे लोक नाराज झाले. दोन पडदे, दोन्ही तांबडे.

जंगलाआधी तो मला म्हणाला, "पातूरकडं जाऊन येऊ." फाल्गुन होता. एसटीनं गेलो, भाकर-ठेचा बांधून घेतला. डोंगराच्या पायथ्याशी एका पळसापुढं हा माणूस सकाळी बसला तो दिवस उतरेपर्यंत उठला नाही. कागद नाही, पेन्सिल नाही. मी दोनदा झोपून उठलो.

"चला," तो म्हणाला.

"काढलं तं काईच नाई तुमी."

"पाह्यलं न."

ते जंगल मी कसं सांगू? पुढं एक पळस, पान एक नाही, नुसता पेटलेला. मागं उघडे पडलेले साग, एक सुकलेला नाला, आणि मधे थोडी मोकळी जागा, तिथं ऊन सांडलेलं. नट त्या जागेपुढं उभा राहिला की जंगल मागं सरकायचं. नट निघून गेला की जंगल पुढं यायचं. नाटकात राणीला वनवासात सोडतात असा प्रवेश होता. पडदा खाली आला, राणी अजून आत होती, एक शब्द कोणी बोललं नव्हतं, आणि बायका डोळ्याला पदर लावत होत्या.

त्या शेडमध्ये जंगल पूर्ण झालं त्या दिवशी उस्तादानं तांबडा डबा उघडला, ब्रश हातात घेतला, कोपऱ्यापुढं बसला. फांदीन् फांदी पाहिली. मग डब्याचं झाकण लावलं आणि वरून मुठीनं ठोकलं. बस. स्वतःला त्यानं दिलेली एवढी शाबासकी मी तेवढ्याच वेळी पाहिली.

पुढं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. नाटकं गेली. फ्लेक्स आलं, बोर्ड रंगवणारे घरी बसले. उस्तादाची बायको वारली, हात थरथरायला लागले, तेव्हा त्याची मुलगी त्याला अमरावतीला आपल्या घरी घेऊन गेली. एकुलती एक लेक म्हणून तिच्यावर त्याचा जीव. ती घरी शिवणकाम करायची. मी वर्षातून दोन-तीनदा एसटीत बसून जायचो. आम्ही दोघं बसायचो, बोलायचो कमी आणि कुरकुर जास्त करायचो.

मग दोन-तीन वर्षांखाली एक भलतंच झालं. अमरावतीतल्या एका संस्थेनं ठरवलं की आपल्या भागातल्या जुन्या पेंटरांची कामं एका दालनात जमवायची. त्यांचे एक सर होते, तरुण, बोलायला गोड, अन् मेहनती. ते दुकानोदुकानी फिरले आणि उस्तादाचं नाव त्यांना जागोजाग दिसलं. त्यांनी फोटो काढले, पेपरात लिहिलं. झालं! अकोल्यात तांबड्या नावाला भाव आला.

जठारपेठेतल्या शेठजींच्या नातवानं तो झुकलेल्या अक्षराचा बोर्ड खाली काढला, काचेत बसवला आणि वर दिवा लावला. मला बोलावून दाखवला. म्हणाला, "बाबा, ओरिजिनल हाये. सही हाये खाली." त्याच्या आजानं ज्या नावापायी रात्रीची झोप घालवली, त्यावर नातू पाहुण्यांना चहा पाजत होता. एक कचोरीवाला तर याच्याही पुढं गेला. त्याच्याकडं उस्तादाचा खरा, चांगला, विनानावाचा बोर्ड होता. त्यानं कोणाकडून तरी त्यावर तांबडं नाव काढून घेतलं. उस्तादाला मी हे अमरावतीला जाऊन सांगितलं तेव्हा तो खो खो हसला. "माह्या चांगल्या कामाले त्यानं दोन अक्षरात बिघडवलं न मिस्तरी! आता ते नाव खरं झालं."

पण हसणं लवकर संपलं. सर त्या नाटकवाल्या गावच्या मंडळातही पोचले. महाल घेतला, रस्ता घेतला. जंगल सोडलं. सही नव्हती.

मी सरांना गाठलं. म्हटलं, "मी सांगतो न, त्याचंच हाय. दांडे माहे हायेत."

सर म्हणाले, "बाबा, तुमच्या शब्दावर माझा विश्वास आहे. पण समितीपुढं मी काय ठेवू? आज तुमचं ऐकलं, उद्या कोणीही जुना पडदा आणून उस्तादांचंच नाव सांगेल. उस्ताद हयात आहेत. त्यांनी आमच्यासमोर सही करावी, मी उद्याच पडदा घेऊन जातो."

त्यांचं चुकत नव्हतं. मला राग आला तो त्यामुळंच. इकडं मंडळाच्या अध्यक्षाला समाजमंदिरातली पडद्यांची खोली रिकामी करायची होती. गावातल्या एका कापूस व्यापाऱ्यानं पडदा मागितला होता, अंगणातली कापसाची गंजी झाकायला. अध्यक्ष म्हणाला, "रविवारी तो गाडी पाठोते. त्याच्या आत काय ते करा. म्या काय जंगल डोक्यावर घेऊन फिरू?"

मी त्याच दिवशी अमरावतीची गाडी पकडली.

उस्ताद बाजेवर बसला होता, पांढऱ्या कपड्यांत. सगळं ऐकलं आणि म्हणाला, "जंगलावर नाव? काय बिघडलं हाय त्यात?"

"काईच नाई बिघडलं."

"मंग नाव कायचं?"

"उस्ताद, कापसावर टाकून राह्यले ते. दोन पावसात चिंधी होईन."

"होऊ द्या."

"तुमचा नेम मोठा का जंगल मोठं?"

आता तो चिडला. "मिस्तरी, जनमभर म्या तांबडं नाव टाकलं म्हणजे कबूल केलं. हे बिघडलं, म्या बिघडवलं. ज्याइच्या दुकानावर ते नाव हाये ते लोकं माह्याशी भांडले, रडले, म्या ऐकलं नाई. आता एका चांगल्यावर टाकतो, त्याले भाव येते म्हणून? मंग त्या सगळ्याइले म्या काय सांगू? का मजाक केली होती?"

"बोर्डवाले मेले सगळे. त्याइचे नातू दिवे लावून राह्यले!"

"मले नाई सांगाचं."

"हट्टी हाय तुमी."

"अन् तुमी? चौथीची पाटी आणली का?"

असं आमचं पेटलं. मी चप्पल घालायला उठलो. तेवढ्यात आतून शिलाई मशीनचा आवाज थांबला आणि त्याची मुलगी दारात आली. पन्नाशीची बाई, बापासारखीच बारीक डोळ्यांची. चहा आणला असेल असं वाटलं, पण हात रिकामे होते.

"अब्बा," ती म्हणाली, "एक विचारू? तुमचं चांगलं काम मी कधी पाह्यलं?"

उस्ताद म्हणाला, "अकोल्यात सगळीकडं होतं. तू रोज शाळेत त्याच्या खालूनच जाये."

"मले कसं समजावं कोणतं तुमचं? तुमाले विचारलं तं म्हणत, वळख. मले फक्त नाव वाचता ये. जिथं नाव दिसे तिथं वाकडं. शाळेतल्या पोरी म्हणत, तुह्या अब्बाचं नाव दिसलं म्हणजे बोर्ड बिघडला. मी त्याइच्याशी भांडली नाई, कारण त्या खरंच बोलत होत्या. मले वाटे, माहे अब्बा बिचारे पेंटर चांगले नाईत, पण माणूस चांगले हायेत. नाटकाले तुमी मले कधी नेलं नाई. जंगल जंगल ऐकून राह्यली लहानपणापासून. कापसाखाली जाच्या आधी एकडाव पाहू तं द्या."

एवढं बोलून ती आत गेली. मशीन काही सुरू झालं नाही.

मी चप्पल पायात घालून तसाच उभा. उस्ताद माझ्याकडं न पाहता म्हणाला, "इस्त्रीवाला शनिवारी सुट्टी घेते. कपडे उद्याच टाका लागतीन."

शनिवारी आम्ही तिघं त्या गावच्या समाजमंदिरात पोचलो. सर आले होते, अध्यक्ष होता, गावचे रिकामे लोक होते. सरांनी सहीसाठी एक जाड पेन पुढं केलं. उस्तादानं त्याच्याकडं मेलेल्या पालीकडं पाहावं तसं पाहिलं. ब्रश आणि तांबडा डबा मी घेऊन गेलो होतो, म्हणून बरं.

पडदा सोडला. धूळ खाली बसली. खालची किनार उंदरांनी खाल्ली होती, पण पळसाला काही झालं नव्हतं. तसाच पेटलेला.

सगळे पडद्याकडं पाहत होते. उस्ताद मुलीकडं पाहत होता. ती पुढं गेली, त्या उन्हाच्या मोकळ्या जागेपुढं उभी राहिली, मग पाय चुकल्यासारखी दोन पावलं मागं आली. ओढणीचं टोक तोंडावर धरून नुसती उभी.

मग उस्तादानं शोधायला सुरुवात केली. डाव्या हातापासून. सागाचं खोड, नाल्यातले दगड, पळसाची एकेक फांदी. चष्मा काढायचा, पुसायचा, परत लावायचा. सर घड्याळ पाहायला लागले. अध्यक्ष जांभया देत होता. शेवटी तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "मिस्तरी, काईच सापडून नाई राह्यलं."

"सापडणार नाई," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. स्टूल मागितला, कोपऱ्यापुढं बसला, ब्रश बुडवला. जे नाव तो एका दमात लिहायचा, त्याला त्या दिवशी किती वेळ लागला! हात थरथरत होता. पहिलं अक्षर वर गेलं, दुसरं खाली आलं. एका कान्याचा रंग ओघळून किनारीपर्यंत गेला. एक थेंब पांढऱ्या बाहीवर पडला. जन्मात त्यानं एवढं वाईट अक्षर काढलं नव्हतं. मला पाहवेना. मला वाटलं, आता हा फडकं मागणार आणि सगळं पुसून टाकणार.

त्यानं मान मागं घेतली, डोळे बारीक केले आणि हसला. तोंडात दात नव्हते तरी पोटभर हसला.

"पाह्या मिस्तरी. बिघडलं. आता नाव बरोबर हाये."

सरांनी टाळ्या वाजवल्या. कशाला ते त्यांना माहीत.

त्यानंतरच्या हिवाळ्यात उस्ताद गेला. जंगल त्या दालनात मधल्या भिंतीवर आहे. मी मागच्या महिन्यात त्याच्या मुलीसोबत जाऊन आलो. ती दर शुक्रवारी जाते म्हणे. लोक येतात, पडद्याकडं पाहतही नाहीत, सरळ उजव्या कोपऱ्याकडं वाकतात आणि मोबाईलवर त्या ओघळलेल्या नावाचा फोटो घेतात. महालाखालच्या आणि रस्त्याखालच्या नावांपेक्षा हे नाव त्यांना जास्त आवडतं. म्हातारपणीचं आहे ना, म्हणतात.

आम्ही होतो तेव्हा एक नवरा-बायको आले. दोघंही तसेच कोपऱ्याकडं निघाले. उस्तादाची मुलगी त्यांच्या आधी तिथं जाऊन उभी राहिली, नावाकडं पाठ करून.

तो गृहस्थ म्हणाला, "ताई, थोडं बाजूले व्हा न. सही दिसून नाई राह्यली."

"दिसन न भाऊ," ती म्हणाली, "मी काय इथं मुक्कामाले नाई आली. आधी जंगल पाह्या."

तो हसला, वाट पाहिली. ती हलली नाही. बायकोनं नवऱ्याकडं पाहिलं. मग नाइलाजानं दोघांनी मान वर केली, आणि थोड्या वेळानं त्या गृहस्थानं मोबाईल खिशात ठेवला.